तीन सिलिंडरवर राधानगरी

आंब्याच्या पिकअपमधून देवगडहून पुण्याला जाण्याची कल्पना माझ्या मेहुण्याची. पेट्या त्याच्या, गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा. म्हणजे मीही त्याच हिशेबात. ‘एसटीच्या आधी पोचशील’ असं त्यानं सांगितलं आणि माझ्यापेक्षा पेट्यांकडे जास्त वेळ बघून निरोप दिला. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तो आंब्याशी अदबीनं बोलतो. मागे पेट्यांना पेंढा, वर ताडपत्री, चहूबाजूंनी दोरखंड. पुढे माझ्या पायाशी कुणा बड्या माणसासाठी काढलेली खास पेटी आणि तिला पाय लावायचा नाही अशी ताकीद. त्यामुळे नांदगाव तिठ्यापर्यंतचा प्रवास मी गुडघे हनुवटीला लावून केला.

फोंडाघाट सुरू झाला. दुसऱ्या वळणावर ड्रायव्हरनं गाणी बंद केली. कोकणातल्या ड्रायव्हरनं घाटात गाणी बंद करणं हे विमानातल्या हवाईसुंदरीनं देवाचं नाव घेण्याइतकंच गंभीर आहे.

“आयकलात?” तो म्हणाला.

मी ऐकलं. धड धड धड, मग एक खड्डा, परत धड धड धड.

“मिसिंग मारता.”

चार सिलिंडर एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं पेटतात. त्यातल्या एकानं आपली पाळी चुकवली की उरलेल्या तिघांवर भार पडतो आणि सगळी गाडी खांदे उडवत चालते. सपाटीवर हे खपून जातं. भरलेल्या पेट्या, दुसरा गिअर आणि सह्याद्री असं एकत्र आलं की खपत नाही. आरशात पाहिलं तर मागे पांढरा धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे इंजिन ऑईल पितंय आणि इंजिन तापल्यावरही असा डोळ्यांना झोंबणारा पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, एवढं ज्ञान ड्रायव्हरनं मला एका वळणात दिलं. पुढच्या वळणावर गाडी थांबली.

बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की आपल्याकडे माणसं कुठून उगवतात हे एक कोडंच आहे. घाटात ना घर, ना टपरी. तरी पाच मिनिटांत मोटारसायकलवरून एक काका उतरले आणि हेल्मेटही न काढता म्हणाले, “प्लग काढा आणि पॉलिश पेपर मारा.”

“काकानू, ही डिझेल गाडी,” ड्रायव्हर म्हणाला. “हिका ठिणगीचो प्लग नसता.”

काकांना हे पटलं नाही. त्यांच्या मोटारसायकलला होता. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते की ती रसरसून तापते आणि वरून डिझेलचा फवारा पडताच आपोआप भडका उडतो. ठिणगीची गरजच नाही. हे ड्रायव्हरनं दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून समजावलं. काका म्हणाले, “तरी एकदा साफ करून बघा.” या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लंडला जाताना भर समुद्रात बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. कारणाचा वाद अजून चालू आहे. माझा संशय असा की बोटीवर असे एखादे काका असावेत.

मग एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले. त्यांनी थेट गव्हर्नरवर ठपका ठेवला. मला आधी वाटलं, राजकारण चाललंय. एका ट्रकवाल्यानं डिझेलमधल्या भेसळीवर व्याख्यान दिलं आणि एकानं, नारळ फोडला होता का, एवढंच विचारलं. कुणीही इंजिन चालू करून ऐका असं म्हणालं नाही.

आमचा ड्रायव्हर मात्र फिल्टरखालचा स्क्रू सैल करून खाली पाण्याची बाटली धरून बसला होता. “पानी इला आसतला.” खरंच, बाटलीच्या तळाशी चमचाभर पाणी बसलं आणि वर डिझेल तरंगलं. गर्दीतून ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ असा सूर उमटला. म्हणालं कुणीच नव्हतं. मग फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप अंगठ्यानं दाबत लाईनीतली हवा काढायचं काम सुरू झालं. तोवर अंधार पडला होता. मोबाईलचा उजेड माझ्याकडे.

“पावण्यानू, उजेड माज्या डोळ्यार नको, नटार मारा.”

हवेच्या स्क्रूतून आधी साबणासारखा फेस आला, मग बुडबुडे, मग फुर्र आवाज, आणि शेवटी बुडबुड्याविना सलग धार. ड्रायव्हरनं स्क्रू आवळला, हात माझ्या रुमालाला पुसले आणि चावी फिरवली. इंजिन झटक्यात सुरू झालं. धड धड धड, खड्डा, धड धड धड.

पाणी होतं, ते निघालं. दुखणं तिथंच राहिलं. तज्ज्ञ मंडळी एकेक करून अंधारात विरघळली. आम्ही पहिल्या गिअरमध्ये दाजीपूर गाठलं. अभयारण्याच्या कडेला एक गवा उभा होता. आमचा वेग असा की त्यानं आम्हाला सावकाश, मान न वळवता, पूर्ण बघून घेतलं.

राधानगरीच्या अलीकडे गॅरेज सापडलं. मिस्त्री जेवणावरून उठून ओल्या हातानं आले. ड्रायव्हर सांगायला लागला तसे म्हणाले, “गप बसा की जरा. तिला बोलू दे.” आणि इंजिन चालू ठेवून नुसते उभे राहिले. मग 17 चा पाना घेऊन एका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल केला. इंजिन लगेच लंगडलं. आवळला. दुसरा सैल केला, पुन्हा लंगडलं. तिसरा सैल केला आणि काहीच झालं नाही; इंजिन होतं तसंच खोकत राहिलं.

“हे बघा पाव्हणं. बंद केल्यावर ज्याचं कायबी वाटत न्हाई, त्योच मेलाय.”

(नव्या कॉमन रेल गाडीत हा प्रयोग करायचा नाही; तिथला दाब माणसाला फाडतो. तिथं स्कॅनरच लावायचा. ही गाडी जुनी होती म्हणून जमलं.)

आता खोट नोझलची की सिलिंडरची? ड्रायव्हरचा चेहरा पडला, कारण कम्प्रेशन गेलं असेल तर हेड उतरवायचं, आणि हेड उतरलं की शेटचा पारा चढतो. मिस्त्रींनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे नोझल अदलाबदल केले. पुन्हा तेच नट. या वेळी तिसरा जिवंत आणि दुसरा मेलेला. खोट नोझलबरोबर सरकली होती. हेड वाचलं. ड्रायव्हरनं पहिल्यांदा चहा मागवला.

नोझल टेस्टरवर चढला. मिस्त्रींनी दांडा दाबला. चांगला नोझल 200 बारच्या आसपास दाब येईपर्यंत गच्च मिटून राहतो आणि मग कर्रकन धुकं सोडतो. आमच्या नोझलनं काटा निम्म्यावर पोचायच्या आतच थेंब टाकायला सुरुवात केली.

“मुतायलंय,” मिस्त्री म्हणाले. मी वाकून बोट पुढे केलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. “बोट न्हाई घालायचं. फवारा कातड्यात घुसतोय.” मग धरणाच्या दिशेनं मान उडवून म्हणाले, “आमच्या धरणाचं सात दरवाजं बघितलासा? पाणी भरलं की आपसूक उघडत्यात, उतरलं की मिटत्यात. ह्येचं बी तसंच. न भरता गळायला लागलं तर धरण कशाला म्हनायचं?”

शाहू महाराजांच्या धरणावरून इंजेक्टर समजलेला पुण्यातला मी एकटाच असेन.

जुन्या डब्यातून एक नोझल निघाला, टेस्टरवर पास झाला. बुडाचा तांब्याचा वॉशर नवा मिळेना, म्हणून जुनाच लालबुंद तापवून पाण्यात टाकला. त्यानं तांबं मऊ होतं आणि नीट बसतं. इंजिन सुरू झालं, धड धड धड धड, मधे कुठे फट नाही. मिस्त्रींनी नोझलचेच पैसे घेतले आणि मजुरी म्हणून पेटीतले आंबे. ते कोणत्या पेटीतले, हे मी मेहुण्याला सांगणार नाही. पण त्यानंतर पुण्यापर्यंत माझे पाय सरळ होते.

कोल्हापूरला रेंज आली आणि लगेच फोन वाजला. शेटचा आवाज स्पीकर न लावताही ऐकू येत होता. इतका उशीर कसा? सकाळी मार्केट यार्डात लिलाव आहे ना?

“गाडी एकदम बरी आसा, शेटनू,” ड्रायव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला. “पावणे मदी मदी थांबूक सांगतत. त्येंका लगवीचो तरास आसा.”