खोबरेल गोठलं, आता दव बघायचं

सकाळी साडेसातला पेपर घेऊन ओट्यावर आले, तर तारेच्या कुंपणापाशी काकू उभ्याच. अंगात नानांचा जुना स्वेटर, डोक्यावर पदर, पदरावरून मफलर आणि हातात खोबरेलाची बाटली. बाटली उलटी धरलेली, तरी थेंब पडत नव्हता.

“बाई, बघा. गोठलं.”

“काकू, खोबरेल चोवीस अंशांनाच गोठायला लागतं. दिवाळीतच गोठलं असेल ते.”

“दिवाळीत नुसतं कडेकडेनं धरतं. आज दगड झालाय दगड. आणि रात्री विरजण लावलेलं दही अजून दूधच आहे. तुमचं लागलं का?”

माझंही लागलं नव्हतं. पण तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईनं सकाळी सकाळी दह्यात हार का मानावी? मी पेपर उघडला.

“कुंदेवाडीचा आकडा काय?” नाना घरातूनच ओरडले. कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे आणि तिथली नोंद ‘निफाड’ म्हणून पेपरात येते. आमच्या तालुक्यात थंडीच्या दिवसांत हा आकडा सोन्याच्या भावासारखा विचारतात.

“एक अंकी झाला नाना!”

“बघा, म्हटलं नव्हतं?” कुणाला म्हटलं होतं, देव जाणे.

नानांचं एक जुनं दुखणं आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की कॅमेरे धावतात, पर्यटक गाडीच्या टपावरचा पांढरा थर नखानं खरवडून फोटो काढतात. निफाडचा पारा पुष्कळदा महाबळेश्वरच्याही खाली असतो, पण आमच्याकडे कोण येणार? आमच्याकडे स्ट्रॉबेरी नाही, घोडे नाहीत. द्राक्षं आहेत, आणि ती थंडीनं खूश होत नाहीत.

काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे खरी बातमी आली. “पलीकडच्या मळ्यातल्या दादांनी थर्मामीटर आणलाय. रोज स्टेटसला. काल काय टाकलं, ‘आमच्या बागेत 4’! सासुरवाडीचे फोन, शाल पाठवू का म्हणून. आणि लटकवलाय कुठं, माहितीये? ठिबकच्या कॉकला. जमिनीपासून वीतभर! आमची सून बघून आली. सगळी फसवणूक.”

“फसवणूक नाही काकू. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो, जमिनीपासून सव्वा मीटरवर. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगत त्याच्यापेक्षा दोन-चार अंश कमी असतात. म्हणून तर पेपरात 3 छापलेलं असतं आणि गवतावर मात्र बर्फ दिसतं.”

काकूंचं तोंड उतरलं. एवढी चांगली चहाडी वाया गेली.

“म्हणजे दादा खरंच बोलतोय?”

“वीतभर उंचीचं खरं.”

एव्हाना नाना कानटोपी घालून बाहेर आले होते. “बाई, पुढचं वाचा. अंदाज काय?”

“येत्या दोन-तीन दिवसांत किमान तापमानात 2 ते 3 अंशांनी घट. आकाश निरभ्र, हवा कोरडी.”

“2 ते 3 कुठून मोजायचे?” काकू म्हणाल्या. “पुण्याहून, की आमच्या नाल्यापासून?”

या प्रश्नाला माझ्या सगळ्या नोकरीत कुणी विद्यार्थी पोहोचला नव्हता. अंदाज जिल्ह्याचा असतो आणि थंडी बांधाबांधाची. रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडते. वर ढगांची गोधडी नसेल आणि वारा पडला असेल तर ती जातच राहते. गारठलेली हवा जड, ती पाण्यासारखी उताराला लागते. काकूंची वरची बाग टेकाडावर आहे, खालची नाल्याकाठी. गारठा आधी खालीच येऊन बसणार.

“आणि खालच्याच बागेत आत्ता मण्यात पाणी उतरायला लागलंय,” नाना म्हणाले. मग कुणी काही बोललं नाही. त्या बागेची गोडी छाटणी त्यांनी यंदा लवकर उरकली होती, भाव सापडावा म्हणून. घड टपोरे झालेत, साल ताणलेली आहे. पहाटे कडक गारठा आणि दुपारी ऊन असं झालं की मणी तडकतो. नाहीतर हिरव्या मालावर गुलाबी छटा येते आणि एक्स्पोर्टवाला घड उचलून नुसता हसतो.

“माझ्या भावाला विचारा,” काकू फणकारल्या. “त्याचा गहू आहे. काल फोनवर म्हणतो, आक्का, पडू दे अजून, फुटवे छान येतात. एकाच आईची लेकरं आम्ही!”

नानांना मात्र थंडीपेक्षा ढगांची भीती जास्त. 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीट ते विसरत नाहीत. गोठ्याच्या पत्र्याला त्या दिवसाचे खड्डे आहेत आणि पाहुण्यांना ते बोट घालून दाखवले जातात. “थंडीशी माणूस रात्रभर जागून भांडू शकतो. गारांशी काय भांडणार?” पुढच्या वर्षीची गंमत मीच काढली. 2024 चा नोव्हेंबर संपता संपता चांगली हुडहुडी भरली होती. तेवढ्यात तिकडे पुदुच्चेरीजवळ फेंगल वादळ किनाऱ्याला लागलं, इकडे आभाळ आलं आणि डिसेंबर उजाडताच लोकांनी पंखे लावले. बागेत मग डावणी रोगाची फवारणी वेगळी.

“थंडीची लाट आहे का पण ही?” सुनेनं खिडकीतून विचारलं.

“सपाटीवर किमान 10 किंवा त्याच्या खाली हवं, शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी. थेट 4 ला आलं तर सरासरी बघायचीच नाही.”

“आणि पुण्याला?”

“पुण्यानं 1.7 पाहिलंय, 17 जानेवारी 1935 ला. हवामान खात्याचं मुख्य ऑफिस शिमल्याहून तिथं 1928 ला आलं. जुनी माणसं त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात.”

“तरीच. येताना थंडी बरोबर घेऊन आले,” नाना म्हणाले.

मग विषय परवाच्या लग्नावर गेला. तुळशीचं लग्न लागलं की इथल्या लॉन्सना उसंत नसते. रात्री नऊला उघड्यावर रिसेप्शन, नवरी बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये निळी पडलेली आणि जेवणात आइस्क्रीमचे तीन काउंटर. “नवऱ्याच्या आत्यानं स्टेजवर शाल पांघरली तर फोटोवाला काढा म्हणाला,” काकू सांगत होत्या. “ती म्हणाली, फोटो तुझा, न्यूमोनिया माझा.” रांग म्हणे जिलबीपेक्षा शेकोटीला मोठी होती.

“आज रात्रीचं काय ठरलं?” मी विचारलं.

“पंपाची लाइट या आठवड्यात रात्रीची आहे. एरवी शिव्या देतो, आज बरी पडेल,” नाना म्हणाले. “पहाटे बोअरचं पाणी सोडायचं. आणि नाल्याच्या अंगाला शेकोट्या.” पाचट, काडीकचरा रचून झाला होता. धुरानं थंडी अडते असं इथं सगळेच म्हणतात. माझा त्या धुरावर विशेष भरवसा नाही, जी काही ऊब लागते ती विस्तवाची आणि बोअरच्या कोमट पाण्याची. पण पहाटे चारला बागेत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायला जाऊ नये. शिवाय चंपाषष्ठी जवळ आली आहे, विस्तवात वांगी भाजून होतात.

नाना गोठ्याकडे वळले तशी काकूंनी कुंपणावरून वाटी पुढे केली. “बाई, जरा विरजण द्या तुमचं. आमचं काही धरत नाही.”

मी आत जाऊन पातेल्यावरचं झाकण काढलं. दूध. तसंच पातेलं उचलून कुंपणापाशी आणून दाखवलं. काकूंनी बोट बुडवलं, चाटलं, आणि इतक्या हसल्या की मफलर सुटला.

“आज पातेलं पिठाच्या डब्यात ठेवा, लागेल. आणि चारला हाक मारीन, या. पानावरचं दव हाताला ओलं लागतं का खरखरीत, ते बघायचंय. मला आता बोटाला कळत नाही.”