फूड प्रोसेसर घेण्याआधी माळा मोजा

फूड प्रोसेसर घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न मराठी घरात बहुधा दसऱ्याच्या सुमारास उपस्थित होतो. पेपरात पानभर जाहिराती आलेल्या असतात, बोनसचं नक्की झालेलं असतं आणि फराळाच्या नुसत्या विचारानेच घरात कुणाचं तरी मनगट दुखू लागलेलं असतं. अशा वेळी घाईने निर्णय घेऊ नये. प्रस्तुत मार्गदर्शन घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, शक्यतो जेवणाआधी वाचावं. जेवणानंतर भांडी कुणी घासायची हा विषय निघतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. (मूळ मुद्दा तोच आहे, पण त्याकडे सावकाश येऊ.)

सर्वप्रथम प्रस्तावकाची पात्रता तपासावी. फूड प्रोसेसरचा प्रस्ताव मांडणारी व्यक्ती पुष्कळदा ओट्यापाशी फक्त पाणी प्यायला येणारी असते. तिने कोणत्या कंपनीची मोटर किती वॅटची, भांडं किती लिटरचं, सोबत पाती किती, याचा तक्ता लॅपटॉपवर तयार ठेवलेला असतो. तक्त्याचं कौतुक करावं आणि सहज विचारावं, ‘आपली किसणी कुठे असते हो?’ उत्तर ‘कुठली किसणी?’ असं आलं तर प्रस्ताव पुढील वर्षापर्यंत तहकूब करावा. उत्तर ‘बारीक की जाड?’ असं आलं तर ती व्यक्ती आदरास पात्र आहे, तिचं म्हणणं ऐकून घ्यावं.

यानंतर दुकानात जाऊन प्रात्यक्षिक पाहावं. प्रात्यक्षिकातलं गाजर नेहमी सरळ, धुतलेलं आणि सोललेलं असतं. ते वरच्या नळीतून आत जातं, खाली एकसारख्या चकत्या पडतात आणि बघ्यांमधून ‘अगं बाई’ असा उद्गार निघतो. त्याच वेळी आपण पिशवीतून मेथीची जुडी काढून विक्रेत्यासमोर ठेवावी. तो गोंधळेल, कारण मेथी चिरायला दोन मिनिटं लागतात आणि निवडायला पाऊण तास. मराठी स्वयंपाकाचा वेळ खातं ते निवडणं, सोलणं, धुणं. लसूण सोलायची असते, मटार सोलायचे असतात, कोथिंबिरीच्या मुळांची माती काढायची असते. आणि बिरड्यासाठी वालाला मोड आणून एकेक डाळिंबी सोलत बसणं, हे काम बाजारातला एकही फूड प्रोसेसर करत नाही. जो करेल तो कितीलाही घ्यावा, त्यासाठी हे मार्गदर्शन वाचण्याचीही गरज नाही.

इथे थोडा इतिहास आवश्यक आहे, कारण यंत्राचं कुळ कळल्याशिवाय ते घरात आणू नये. हे यंत्र मूळचं फ्रान्सचं. पिअर व्हेर्दाँ या गृहस्थाने ते तयार केलं आणि ‘रोबो-कूप’ या नावाने ते आधी हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत गेलं. घरगुती अवतार नंतरचा. अमेरिकेत कार्ल सॉन्टहायमर नावाच्या अभियंत्याने १९७३ साली शिकागोच्या प्रदर्शनात ‘क्विझिनार्ट’ या नावाने तो मांडला. म्हणजे या यंत्राची भूक जन्मापासून खानावळीची आहे. पोह्यांसाठी एक कांदा टाकला तर तो पात्याला फारसा सापडतच नाही, भांड्याच्या भिंतींवर जाऊन चिकटतो. चार कांदे टाकले तर बारीक होतात, पण मग पोहे किती जणांचे करायचे, हा नवा प्रश्न उभा राहतो. तो कांदाही आणखी पाच सेकंद फिरला की त्याला पाणी सुटतं, आणि फोडणीत पडल्यावर तो परतला न जाता शिजतो.

मिक्सरचं कुळ वेगळं आहे, म्हणून तो आपल्याकडे टिकला. मुंबईच्या सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला, तेव्हा त्यांनी आपल्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर स्वतःच बनवायला घेतला. तोच ‘सुमीत’. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुक्या मिरच्या डोळ्यांपुढे ठेवून ती मोटर बांधलेली होती. त्यामुळे फूड प्रोसेसर घेण्याच्या बाजूने कुणी ‘दाण्याचं कूट छान होतं’, ‘चटणी मस्त होते’ असे मुद्दे मांडले, तर ते मिक्सरच्या खात्यात जमा करावेत. मिक्सर घरात आहेच.

विजेचा मुद्दा कुणी काढला तर तो एका वाक्यात निकालात काढता येतो. साडेसातशे वॅटची मोटर पूर्ण भाराने सलग ऐंशी मिनिटं चालवली तर एक युनिट वीज जळते, आणि सलग ऐंशी मिनिटं ती कुणी चालवत नाही. पुस्तिकेतच ती थोडा वेळ चालवून विश्रांती द्या असं लिहिलेलं असतं. तेव्हा वीजबिलाचं कारण पुढे करणाऱ्याचं खरं कारण दुसरं काहीतरी आहे, ते शांतपणे विचारून घ्यावं.

आता कणीक. इथे मात्र थट्टा थोडी बाजूला ठेवावी लागते, कारण या यंत्राची सगळ्यात भक्कम बाजू हीच आहे. कणकेचं पातं लावायचं, पीठ, मीठ, तेल घालायचं, झाकण बसवायचं आणि नळीतून पाण्याची बारीक धार सोडायची. दीड-दोन मिनिटांत गोळा होतो. पुस्तिकेत पिठाचं कमाल प्रमाण दिलेलं असतं, ते ओलांडलं की मोटर कण्हते आणि मग तळाचं लाल बटण बाहेर येऊन बंद पडते. मोटर गार झाल्यावर बटण पुन्हा दाबायचं असतं, हे ठाऊक नसल्याने कित्येक धडधाकट यंत्रं दुरुस्तीला जाऊन आलेली आहेत. पोळ्यांची कणीक सैल लागते आणि सैल कणीक पात्याला धरून बसते, म्हणून गोळा किंचित घट्टच काढावा आणि परातीत तेलाच्या हाताने मळून झाकून ठेवावा. ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत त्यांच्यासाठी ही सोय चैनीची नाही. अशा घरात हे मार्गदर्शन इथेच मिटून सरळ दुकान गाठावं.

‘यंत्राच्या कणकेची पोळी हाताच्या पोळीसारखी होत नाही,’ अशी हरकत ज्येष्ठांकडून येईल. तिची शास्त्रीय चाचणी घ्यावी. दोन्ही प्रकारच्या पोळ्या एकाच डब्यात, कुठली कोणती हे न सांगता वाढाव्यात. निकाल काहीही लागो, तो जाहीर करू नये. घरात शांतता राहणं विज्ञानापेक्षा महत्त्वाचं आहे.

जिथे पोळ्यांना बाई येतात, तिथे त्यांना विचारल्याशिवाय हे यंत्र घेणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा. त्यांची या घरानंतर आणखी चार घरं असतात. तुम्ही भांडं काढून, पातं बसवून, झाकण फिरवून कुलूप लागल्याचा ‘टक्’ आवाज येण्याची वाट पाहाल, तोवर त्यांची कणीक भिजवून झालेली असते. ‘ताई, तुम्ही बसा, मी करते,’ असं त्या म्हणतील. हा त्यांचा यंत्राबद्दलचा अंतिम अभिप्राय समजावा.

काही पदार्थांच्या बाबतीत फूड प्रोसेसरला स्वयंपाकघराबाहेर उभं करावं. खमंग काकडी हा त्यातला पहिला. चोचवलेली काकडी ही विळीवर किंवा सुरीने टोच्या मारत केलेली असते, तिचे तुकडे लहानमोठे असतात आणि म्हणून ती दाताखाली येते. यंत्रातल्या काकडीची पाच मिनिटांत पातळ भाजी होते. दुसरा बटाटेवडा. उकडलेला बटाटा वेगाने फिरणाऱ्या पात्याखाली गेला की त्यातला स्टार्च सुटून त्याची खळ होते. त्या खळीने पतंगाचा मांजा करता येईल, वडा येणार नाही. उलट कोबी, गाजरहलव्याचं दोन किलो गाजर, साखरांब्याच्या कैऱ्या, उपासाच्या दिवशी सगळ्या घराला लागणारा बटाट्याचा कीस, या कामांत ते खरोखर देखणं चालतं. प्रश्न एवढाच, की साखरांबा वर्षातून कितीदा होतो.

आता भांडी. एका गाजराच्या किसासाठी मोठं भांडं, झाकण, वरचा दट्ट्या, मधला दांडा आणि किसणीची चकती एवढ्या पाच वस्तू खरकट्या होतात. दट्ट्या पोकळ असतो, त्यात पाणी साठतं. चकतीच्या दात्यांत अडकलेला कीस काढायला जुना टूथब्रश लागतो. मुख्य पातं धारदार असल्याने ते बेसिनमध्ये साबणाच्या पाण्यात लपवून ठेवू नये, घासणाऱ्याचा हात कापतो. साध्या किसणीला नळाखाली धरून दोनदा झटकलं की झालं. म्हणून निर्णयाचा अधिकार स्वयंपाक करणाऱ्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्त, भांडी घासणाऱ्याला द्यावा. प्रस्तावकाने ‘भांडी मी घासेन’ असं म्हटल्यास ते कागदावर घ्यावं आणि फ्रिजवर लावावं.

एवढ्यावरही निर्णय होत नसेल तर महिनाभर एक प्रयोग करा. ओट्यावर एक रिकामी वाटी ठेवा. ‘आत्ता फूड प्रोसेसर असता तर मी तो काढला असता, वापरला असता आणि धुतलाही असता,’ असं प्रामाणिकपणे वाटेल तेव्हाच तिच्यात राजम्याचा एक दाणा टाका. नुसतं ‘असता तर बरं झालं असतं’ एवढंच वाटलं तर दाणा टाकू नये. महिनाअखेरीस दाण्यांची उसळ होण्याइतका ऐवज जमला तर यंत्र घ्या.

शेवटची पायरी माळ्याची. मोजपट्टी घेऊन आधी ओटा मोजा. मिक्सर, पाण्याचं शुद्धीकरण यंत्र आणि मायक्रोवेव्ह यांच्यामध्ये, प्लगजवळ, कायमची मोकळी जागा आहे का, ते पाहा. नसेल तर यंत्र माळ्यावर जाणार, आणि माळ्यावर गेलेली वस्तू दिवाळीच्या साफसफाईला खाली येते, पुसली जाते आणि परत वर जाते. शिडी लावून वर चढलाच आहात, तर रोटीमेकर सध्या कुठे आहे, तेही बघून घ्या. त्याच्याशेजारची जागा रिकामी आहे का, याची नोंद करा.

माझा निकाल असा : दोघांचं घर, चार-सहा पोळ्या आणि एक भाजी, तर घेऊ नका. सहा-आठ माणसं, डब्यांचा व्यवसाय किंवा दुखरी मनगटं असतील तर घ्या, पण तो कायम ओट्यावर ठेवा. मधल्या सर्वांनी नवीन घेण्याआधी नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारून पाहावं. लग्नात आहेर आलेला, थर्माकोलसकट पेटीत ठेवलेला एखादा निघतोच, आणि देणाऱ्याला माळा मोकळा झाल्याचा आनंद होतो. आणायला जाल तेव्हा झाकण भांड्यावर फिरवून खाच नीट बसते की नाही, ते तिथेच पाहा. ती तुटलेली असेल तर मोटर कितीही चांगली असो, यंत्र सुरूच होत नाही.