फेरअर्ज
अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम २१४(ब) अन्वये पर्यटनेच्छू मनुष्य हा, अन्यथा शाबीत होईपर्यंत, तिकडे कायमचे बिऱ्हाड थाटण्यास निघालेला इसम गणला जातो. आणि नातवाचे बारसे उरकून लोणच्याचे आंबे उतरायच्या आत सदाशिव पेठेत परतण्याची ज्यांना घाई, त्या आजीबाईही याला अपवाद नाहीत. व्हिसाच्या नकारावर अपील नाही, भरलेले १८५ डॉलर परत नाहीत. मात्र फेरअर्जास मुदतीची आडकाठी नाही, हे औदार्य मान्य केलेच पाहिजे. मग सातबारा, ठेवपावत्या, घरपट्टी, अगदी पेन्शनचा हुकूमसुद्धा, अशी फाइल फुगते; आणि काचेपलीकडचा साहेब ती न उघडताच पृच्छा करतो, "गेल्या खेपेपासून काय बदलले?"

आजीबाई खरे ते सांगतात, "नातू रांगायला लागला."