दीड तासाचं नागपूर

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर. एकदा वर गेलं की विमान ताशी आठशेच्या आसपास पळतं. म्हणजे पन्नास-पंचावन्न मिनिटं. चढण्या-उतरण्याची आणखी दहा-पंधरा धरा. तिकिटावर मात्र दीड तास, कधी त्याहून जास्त. कारण ती वेळ उड्डाणाची नसतेच. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडे चाकांना ठोकळे लागेपर्यंतची ती वेळ. धावपट्टीसाठीची रांग, मुंबईवरच्या घिरट्या, सगळं आधीच त्यात घातलेलं. वर पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर सरकारी आकडेवारीत उशीर धरतच नाहीत. विमान आभाळात ताटकळतं आणि कागदावर वेळेवर पोचतं!

सैल वेळापत्रकाला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे. त्याने दुखणं झाकलं जातं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्रालयानेच सांगितलं, की इथे विमानांना 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि 40 मिनिटांत सुमारे 1.7 किलोलीटर इंधन जळतं. मग गर्दीच्या वेळची विमानं तासाला 46 वरून 44 वर आणली. फक्त दोन कमी. आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, तरी जुन्यावरचा भार किती हलला हे प्रवाशाला कळायला नको?

आत बसलेल्याला कळतं ते एवढंच: पंख कलतो, मघाचाच डोंगर पुन्हा खिडकीत येतो, मांडीवर संत्राबर्फीचा डबा आणि मंत्रालयातली अकराची भेट हुकलेली. राज्याची राजधानी मुंबईत, म्हणून विदर्भातल्या माणसाला हा फेरा चुकत नाही.

जमिनीवरचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून ठाण्याचा माणूस तीन तास आधी घर सोडतो. दारापासून दारापर्यंत मोजलं तर दीडाचे पाच-साडेपाच तास सहज होतात. मुंबईत भुयारी मेट्रोचं स्टेशन टर्मिनल दोनपाशी आलं, ही खरी कमाई. नागपुरात 'एअरपोर्ट' नावाचं मेट्रो स्टेशन वर्धा रोडवर आणि टर्मिनल आत दूर. बॅगा घेऊन उतरणाऱ्याला पुन्हा रिक्षा शोधावी लागते.

तिकिटावर दोन वेळा छापा: हवेतली वेगळी, एकूण वेगळी. प्रत्येक विमानतळाने दर महिन्याला घिरट्यांची सरासरी मिनिटं जाहीर करावीत. आणि वर्धा रोडवरच्या त्या स्टेशनापासून टर्मिनलच्या दारापर्यंत, प्रत्येक मेट्रोला जोडून, एक बस तेवढी सोडा.