अजून पाव फेरा

मराठवाड्यातल्या माणसाचा दोन गोष्टींवर विश्वास नसतो. एक पाऊस आणि दुसरा परक्याने आवळलेला बोल्ट. पावसाचं काही करता येत नाही, त्यामुळे सगळा जोर बोल्टवर निघतो.

अंबड चौफुली, मंठा चौफुली, भोकरदन नाका, जालन्यातल्या कुठल्याही गॅरेजात बघा. गाडी जॅकवर चढलेली, मेकॅनिक पाठीवर पडून आत गेलेला, बाहेर फक्त त्याच्या चपला. आणि त्या चपलांशेजारी एक गृहस्थ उभे. हात पाठीमागे, मान तिरकी, शर्टाच्या खिशात टेस्टर. गाडी त्यांचीच असते असं नाही. शेजाऱ्याची असते, व्याह्यांची असते, कधी कोणाची आहे ते त्यांनाही ठाऊक नसतं. चहा मात्र त्यांना येतो. खालून पान्याची करकर थांबली की ते वाकतात आणि म्हणतात, "झालं? मार अजून पाव फेरा."

त्यांना आपण नुसतं काका म्हणू. नाव घेतलं तर निम्म्या गावाला वाटेल आपल्यावर लिहिलंय, आणि उरलेलं निम्मं विचारायला येईल की आपल्यावर का नाही.

काकांचं मनगट घडलं ते रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये. जालन्यातलं लोखंड ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही. देशभरातलं आणि बोटीने आलेलं भंगार इथल्या भट्ट्यांत वितळतं आणि लालबुंद सळ्या होऊन रोलमधून सुसाट सुटतं. ते धूड ज्या पायावर उभं असतं त्याचे बोल्ट मनगटाएवढे. छत्तीस मिलिमीटरच्या चांगल्या बोल्टला दोन हजार न्यूटन-मीटरच्या घरात जोर लागतो. तो हाताने येत नाही. एकाने जाड पाना धरायचा, दुसऱ्याने घण घालायचा, आणि घणाचा आवाज बदलला की आवळला असं समजायचं. काकांच्या हयातीत त्यांच्या हातचा बोल्ट कधी ढिला झाला नाही. ही बढाई नाही, मिलमधले लोकही हेच सांगतात. त्यांचं म्हणणं एवढंच की तो नंतर खोलायचीही कोणाची टाप नव्हती. गॅस कटर लावावा लागे.

मिलनंतर काकांनी काही वर्षं भावाची काळी-पिवळी सांभाळली. जालना ते अंबड, आत किती माणसं ते मोजू नये, टपावर शेळ्या आणि मोसंबीची पोती. त्या रस्त्यावर जीपमधलं जे जे म्हणून सुटण्यासारखं होतं ते सुटायचं. आरसा, बंपर, एकदा तर सायलेन्सर. काकांनी त्यातून एक शास्त्र काढलं: जगातली प्रत्येक वस्तू सुटण्याच्या प्रयत्नात आहे, आणि तिला आवरायला देवाने आपल्याला जन्माला घातलं आहे.

घरीही हेच. जालन्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, मग ते पैठणहून येवो की घाणेवाडीच्या तलावातून. त्यामुळे थेंब गळणं हे काकांच्या लेखी पाप, आणि २०१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या पाहिल्यापासून तर महापाप. ते नळ इतका कच्चून बंद करतात की आतला वायसर चेपून त्याची चकती होते, आणि मग नळ खरोखरच गळायला लागतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी लावलं तर त्या वर्षी लोणचं संपत नाही. काकू शांतपणे म्हणतात, "ह्यांनी लावलेली बरणी म्हंजे बँकेतली एफडी. मुदत संपल्याशिवाय हात लावायचा नाही."

इथवर सगळं घरातल्या घरात चाललं होतं. मग मुलाने बिनगेरची गाडी आणली.

मुलगा पुण्याला, हिंजवडीत. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, जालना त्याच्या वाटेवर आलं, आणि गावात ऑटोमॅटिक गाड्यांची हवा झाली. काकांच्या हिशोबी त्या सगळ्या एकच, बिनगेरच्या. खरं तर त्यांत जाती आहेत. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेली जी स्वस्तातली तऱ्हा आहे, तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. अस्सल ऑटोमॅटिकचं कूळ वेगळं. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलला हायड्रामॅटिक देऊ केला, तेव्हापासूनचं. त्यात ऑइलच सगळा कारभार बघतं: ताकद पोचवणं, गिअर बदलणं, थंड ठेवणं. मुलाने घेतलेली सेकंडहँड गाडी ह्या दुसऱ्या जातीची. तिच्या गिअरबॉक्सखालचा चेंबर थोडा पाझरत होता.

मुलाने गॅरेजात दाखवली. तिथल्या उस्ताद मेकॅनिकने चेंबर उतरवला, जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला. नवीन ऑइलचा डबा फुटला तसे काका दोन पावलं मागे सरकले. "हे काय, रूह अफजा? अरे नव्वद नंबरचं टाक चांगलं, काकवीवाणी." उस्तादने हात जोडले. मग त्याने नवीन गॅस्केट बसवलं, सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवून घेतले आणि नंतर दहाच्या पान्याने, एक इकडचा, एक समोरचा, असे दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले.

काकांना हे बघवेना. चेंबरचे बोल्ट सहा मिलिमीटरचे, करंगळीपेक्षा बारीक. त्यांना बहुतेक गाड्यांत दहा न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. किलोत सांगायचं तर पंधरा सेंटीमीटरचा पाना धरून सात किलोची ओढ. काकांच्या नातीलाही जमेल. आणि जिच्यात हे बोल्ट जातात ती गिअरबॉक्सची पेटी अॅल्युमिनियमची. स्टीलच्या बोल्टपुढे तिच्या आट्यांचा काही टिकाव लागत नाही.

"एवढ्यानं काय होतंय?" काका म्हणाले. "समृद्धीवर एकशेवीसनं जाणार हाय गाडी."

"काका, कंपनीका येइच है."

"कंपनीला जालना-अंबड रोड माहीत हाय का?"

ह्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. उस्ताद चहाला गेला आणि काका गाडीखाली.

पुढे आठवड्यात अंगणात लाल डाग पडला. काकांनी एकेक बोल्ट अजून पाव फेरा आवळला. डाग मोठा झाला. काकांनी पुन्हा आवळले. आता ह्यात यंत्राचा काही दोष नव्हता. चेंबर पातळ पत्र्याचा असतो. बोल्ट जास्त ओढला की भोकाभोवती पत्रा वर वाकतो, दोन बोल्टांच्या मधे फट राहते, गॅस्केट चेपून बाहेर डोकावतं आणि ऑइल तिथून वाट काढतं. गळतं म्हणून आवळायचं, आवळलं म्हणून गळायचं. सरकारी योजनांखेरीज इतकं स्वयंपूर्ण चक्र मी दुसरं पाहिलं नाही.

तिसऱ्या खेपेला एका बोल्टने अचानक विरोध सोडला. आवळणाऱ्याच्या हाताला तो क्षण कळतो. आत्तापर्यंत कडक असलेला पाना एकदम लोण्यात फिरायला लागतो. काकांनी तिथेही आणखी पाव फेरा दिला, सवयीने. मग बोल्ट हातात आला, आणि त्याच्या अंगाला अॅल्युमिनियमची चकचकीत साल गुंडाळलेली. पेटीतले आटेच सोबत आले होते.

उस्तादने त्या बोल्टकडे बराच वेळ पाहिलं. मग भोक मोठं करून, नवे आटे पाडून, आत तारेच्या स्प्रिंगचं हेलिकॉइल बसवलं आणि पैसे सांगितले. काका म्हणाले, बोल्टच्या मालात दम नव्हता. पूर्वीचे बोल्ट असे नव्हते.

मुलाने पुण्याहून टॉर्क रेंच पाठवला. बापाला शहाणा करायचा हा पुण्याचा मार्ग: प्रत्यक्ष बोलायचं नाही, वस्तू कुरियर करायची. काकांनी तो पाना वजन करून पाहिला, दांड्यावरचे आकडे वाचले, मूठ फिरवली, आणि पहिल्याच बोल्टला तो कट् असा वाजला तेव्हा घाबरून हातातून टाकला. वाटलं, मोडला. मुलाने फोनवर समजावलं की ठरवलेला जोर भरला की तो वाजतो, वाजला की थांबायचं.

थांबायचं ही कल्पना काकांना नवी होती. त्यांनी अर्थ असा लावला की कट् वाजलं म्हणजे आता पान्याचं काम संपलं, आपलं सुरू. शिवाय एकदा वाजलेला बोल्ट ते खात्रीसाठी पुन्हा वाजवत, आणि संध्याकाळी आरतीनंतर एकदा. प्रत्येक खेपेला तो किंचित पुढे सरकत होता हे त्यांना मान्य नव्हतं. त्यात मॅन्युअलमध्ये आकडा किलो-सेंटीमीटरमध्ये छापलेला, शंभर, पाना न्यूटन-मीटरचा. काकांनी शंभर म्हणजे शंभर लावले, म्हणजे सरळ दसपट. बोल्ट बिचारा कट् वाजायच्या खूप आधीच तुटला. काकांचं म्हणणं, पाना वाजला नाही, म्हणजे पानाच खोटा.

आट्यांना ऑइल लावायची सवयही त्यांची जुनी. बोल्ट कसा अलगद गेला पाहिजे! गंमत अशी की कोरडा बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणातच जातो, बोल्टला ताण देण्याच्या कामी येतो जेमतेम दहावा हिस्सा. आटे तेलकट केले की घर्षण घटतं आणि तेवढ्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलने कोरडा सांगितला असेल तर कोरडाच घालायचा. काकांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "तू कॉलेजात शिकला, मी मिलमधी." ह्यावर काय बोलणार? मिलमध्ये तेल घालणाऱ्याला घर्षणाचा धडा देणं सोपं नाही.

पण काकांची खरी कसोटी लागली ती दुसऱ्याच्या गाडीवर. कोणा बियाणेवाल्या व्यापाऱ्याच्या गाडीचा गिअरबॉक्स पूर्ण उतरवला होता. काका त्या दिवशी पाहुणे म्हणून हजर. गिअरबॉक्स परत चढवताना त्याच्या तोंडाशी असलेला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तो स्टीलचा गोल भोपळा, आधी आतल्या पंपात पूर्ण बसवायचा असतो. तो फिरवत फिरवत दाबला की टप्प्याटप्प्याने आत घसरतो, आणि हात लावणाऱ्याला प्रत्येक टप्पा कळतो. तो नीट बसला नाही तर गिअरबॉक्सचं तोंड इंजिनला भिडत नाही, बोटभर फट उरते.

त्या दिवशी ती उरली. घामाने भिजलेला पोऱ्या म्हणाला, बसत नाही. काकांनी फट पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "एवढंच ना? चारी बाजूंनी बोल्ट टाक आन् कच्चून ओढून घे. येतंय बरोबर जवळ."

येतं, हेच तर वाईट. मोठे बोल्ट आहेत, ते ओढतात, आणि मधे अडकलेला कन्व्हर्टर पंपाला फोडून टाकतो. गाडी सुरू झाल्यावर कळतं, तेव्हा सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं आणि पंपाचं बिल गाडीच्या मालकाला झोपू देत नाही. पोऱ्याने बोल्ट हातात घेतलाही होता. उस्तादने गाडीपलीकडून नुसता आवाज दिला:

"रुक! काका, बोल्ट पकडनेकू रहता, खींचनेकू नै."

गॅरेजात शांतता पसरली. काकांना असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं, मिलमधल्या इंजिनिअरनेही नाही. गिअरबॉक्स मागे घेतला गेला, कन्व्हर्टर फिरवला, तो टप् करून आत गेला, आणि मग दोन्ही तोंडं हाताच्या दाबानेच मिटली. काकांनी बोटाने जोड तपासला. नख जात नव्हतं. त्यांनी चहा अर्धा ठेवला, हे मी स्वतः पाहिलं.

तेव्हापासून काका बदलले, असं त्यांचं म्हणणं. आता ते पाव फेरा म्हणत नाहीत. मुलाकडून त्यांनी मॅन्युअलची पानं मोबाइलवर मागवून घेतली, आकडे वहीत उतरवले, आणि वही घेऊन गॅरेजात उभे राहतात. चेंबरचा बोल्ट किती? ड्रेन प्लगचा किती? कन्व्हर्टरचे किती? पाना आधी किती वेळा वापरला? ह्या पान्यांची वर्षातून एकदा, नाहीतर ५,००० वेळा वापरून झाल्यावर तपासणी करायची असते, हेही त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं, आणि आता ज्या दुकानात काळा-पिवळा धूर आणि हातोडी एवढीच सामग्री आहे तिथेही ते कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागतात. टायर पंक्चरवाल्याकडे मागितलं. त्याने ट्यूब बुडवायची पाण्याची टाकी दाखवली.

परवा उस्तादने बोल्ट आवळला, पाना कट् वाजला, त्याने हात काढला. काका वाकले.

"हा पाना शेवटचा कधी कॅलिब्रेट केला रे?"

"पाना तो परसोंइच करके लाया, काका. तुमकू कब लेके जाना, वो बोलो."

काकांनी वही उघडली, कोरं पान काढलं, कानावरचं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "किती घेतेत?"