रिफ्रेश मारून बघा

लॅपटॉप सुरू झाला की आपल्याकडे आधी एक विधी होतो. डेस्कटॉपवर मोकळी जागा शोधायची, राइट क्लिक करायचं आणि रिफ्रेश मारायचं. एकदा मारून समाधान होत नाही, म्हणून पाच-सात वेळा. हा विधी कोणत्या पोथीत सांगितलाय, पहिल्यांदा कोणी केला, कोणालाच ठाऊक नाही. पण कॉलेजच्या लॅबपासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत तो निष्ठेनं पाळला जातो. रिफ्रेशनं प्रत्यक्षात होतं एवढंच, की डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा एकदा रंगवून दाखवले जातात. रॅम मोकळी होत नाही की डिस्कवरचा भार हलका होत नाही. उलट आधीच धापा टाकणाऱ्या लॅपटॉपला तेवढंच एक जादा काम लागतं. तरी हात थांबत नाही. घंटा वाजवल्याशिवाय देवळातून कोण बाहेर पडतं?

घरोघरच्या स्वस्त लॅपटॉपांपैकी बरेच २०२० साली आले, शाळा पडद्यावर भरायला लागली तेव्हा. घाई होती, बजेट बेताचं होतं. चार जीबी रॅम, सेलेरॉन प्रोसेसर आणि एक टीबीची हार्ड डिस्क. त्या ‘एक टीबी’वरच बहुतेकांचा सौदा पक्का झाला. ज्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा टाकत नाहीत, तिथं एवढी जागा फुकट मिळाल्यासारखीच. किती मावतं हे सगळ्यांनी विचारलं. मावलेलं किती लवकर हाती लागतं, हे विचारायचं राहून गेलं.

गोम तिथंच आहे. या हार्ड डिस्कच्या आत खरोखरीची तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपांत मिनिटाला ५४०० फेरे. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायला वेळ लागतो तो वेगळा. अशानं इकडून-तिकडून माहिती वेचायची झाली तर सेकंदाला शंभरसुद्धा खेपा होत नाहीत. म्हणजे दोनशे पानांची पंगत आणि वाढपी एकटा. तो आळशी नाही, उलट पळून पळून घामाघूम झालाय. पण या टोकाला मीठ, त्या टोकाला मठ्ठा, मध्येच कोणाला तरी पुन्हा वरण. सकाळी लॅपटॉप उघडला की अपडेट, अँटिव्हायरस, फोटो वर ढगात चढवणारं कुणीतरी, सगळे एकदम हाका मारतात. टास्क मॅनेजर उघडून बघा: डिस्कच्या रकान्यात लालभडक १०० टक्के, आणि शेजारी प्रोसेसर बारा-पंधरा टक्क्यांवर, हातावर हात धरून. आपण शिव्या घालतो त्या प्रोसेसरला.

हा टास्क मॅनेजर म्हणजे फार मोलाची गोष्ट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की हजर. त्यातला स्टार्टअपचा भाग तर घराचा इतिहासच सांगतो. शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवर तो उघडला तेव्हा शाळेच्या ऑनलाइन तासांचं सॉफ्टवेअर अजून रोज उठून बसत होतं. नातू एव्हाना डिप्लोमाला गेलाय.

“काका, हा प्रिंटर कुठाय हो?”

“तो होय? तो केव्हाच भंगारात दिला.”

“त्याचा मदतनीस अजून रोज सकाळी हजेरी लावतोय.”

“असू दे की रे. खायला काय मागतोय तो?”

“रॅम मागतोय.”

काका विचारात पडले. मग म्हणाले, “पुसू नकोस पण. लागला कधी तर?” सुदैवानं तिथं ‘डिसेबल’ची सोय आहे. काही पुसलं जात नाही, फक्त आगंतुकाचं सकाळचं बोलावणं बंद होतं. काहीही टाकून न देणाऱ्या माणसांसाठी इतकी समजूतदार सोय दुसरी पाहिली नाही.

काका रोज रात्री गॅसच्या नॉबइतक्याच काळजीनं लॅपटॉप शट डाउन करतात. तरी त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ दिसला तीन आठवड्यांच्या वर. काका म्हणाले, यंत्र खोटं बोलतंय. ते खोटं बोलत नव्हतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउननं विंडोजचा गाभा पुरता मिटत नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो आणि सकाळी पुन्हा उचलला जातो. सगळं झटकून नव्यानं सुरुवात होते ती रिस्टार्टनं. रोज शट डाउन करणारी शिस्तीची माणसं महिनोन्‌महिने रिस्टार्ट करत नाहीत आणि दुकानदारानं आपल्याला फसवलं म्हणतात.

मोबाइलवरच्या वैद्यांचे उपाय वेगळेच. त्यातला लाडका म्हणजे ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामं करणं. कोणता प्रोग्राम उघडताना काय काय लागतं याची टिपणं विंडोज त्यात ठेवतं, पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून. ती पुसली की पुढची सुरुवात उलट सावकाश. पण पुसताना फाइलींची रांग भराभर नाहीशी होताना दिसते, त्यामुळे पोट साफ झाल्यासारखं वाटत असावं.

१९९५ साली विंडोज ९५ आलं तेव्हा त्याला किमान चार एमबी रॅम लागायची. २०२१ सालच्या विंडोज ११ ला किमान चार जीबी लागते. बरोबर १,०२४ पट. आणि त्यावर आपण टाइप करतो काय? ‘विषय: जिन्यातील चपलांबाबत.’ पास्कल भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी त्याच १९९५ साली लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर जितकं वेगवान होतंय त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होत चाललंय. कोणी ऐकलं नाही. बहुधा फाइल उघडेपर्यंत सगळे चहाला गेले असावेत.

खरा उपाय एका वाक्याचा आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा तो मान वर न करता सांगतो: “एसएसडी टाका, जमलं तर रॅम वाढवा.” एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे वाट बघणं जवळजवळ संपतं. सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेणारं तेच यंत्र बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत जागं होतं. ‘रॉकेट होईल’ असं तो म्हणतो, ते मनावर घेऊ नये. सेलेरॉन सेलेरॉनच राहतो. काही स्वस्त यंत्रांत ६४ जीबीची ईएमएमसी साठवण आणि रॅम मदरबोर्डवरच चिकटवलेली असते, तिथं बदलायला काही उरत नाही. त्यांच्यावर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घालून बघावी. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि अनेक जुन्या यंत्रांना ११ चालत नाही, त्यांनाही ती वाट मोकळी आहे. टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यांनी मात्र तिकडे वळू नये.

एसएसडी टाकायला जाण्याआधी घरचे फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. दुकानातला मुलगा “बॅकअप घेतलाय ना?” असं विचारतो खरा, पण तोवर त्याच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं अर्धे स्क्रू काढलेले असतात.