घरगुती शब्दवादाची शास्त्रोक्त कृती

साहित्य

चार माणसं, एक भरलेलं ताट आणि ज्याचा अर्थ प्रत्येकाला पक्का ठाऊक आहे असा एक शब्द. शेवटच्या जिन्नसात तडजोड नको. 'स्थितप्रज्ञ'सारखा भारदस्त शब्द घेतला तर वाद नासतो, कारण दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी 'आपल्याला नाही बुवा कळत त्यातलं' म्हणून भात कालवायला लागतं. 'दुपार म्हणजे काय ते मला माहीत नाही' असं कबूल करणारा मात्र अजून जन्माला यायचाय.

माणसं शक्यतो तीन जिल्ह्यांतली घ्यावीत. सासू पुण्याची, सून कोल्हापूरची आणि जावई नागपूरचा असं घर मिळालं तर बाहेरून काहीच आणावं लागत नाही.

पायरी १ : शब्द निवडावा

नवशिक्यांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. 'पोळी' हा त्यांच्यासाठी हमखास शब्द. पुण्यात रोज ताटात पडते ती पोळी; कोल्हापुरात ती चपाती, आणि पोळी म्हणजे पुरणाची. म्हणून 'आज पोळ्या केल्यात' हे ऐकून एक जण निमूट हात धुतो आणि दुसरा 'आज कुठला सण?' असं विचारतो.

हाताला वळण आलं की 'चटणी' घ्यावी. कोल्हापूरच्या सुनेनं 'रश्श्यात दोन चमचे चटणी टाका' म्हटलं, की पुण्याच्या सासूबाई नारळ फोडायला घेतात. सुनेच्या मनात असतं डब्यातलं कांदा-लसणीचं लाल तिखट. तोवर नागपूरचे जावई 'वरून थोडा सांबार टाकलात तर बहार येईल' असं सुचवतात. ते बिचारे कोथिंबीर मागत असतात. घरात उडप्याच्या हॉटेलात पातेलं घेऊन कुणी जायचं याची चर्चा सुरू होते.

मध्यम पातळीसाठी 'भाजी'. मंडईतून आणली ती भाजी, निवडली ती भाजी, चिरली ती भाजी आणि फोडणीला टाकून शिजवली तीही भाजी. 'भाजी झाली का?' याचं उत्तर 'हो, कधीच!' असं आलं, तरी ती पिशवीत आहे की कढईत याचा निकाल लागत नाही.

पायरी २ : आपला प्रकार ठरवावा

या विषयात आपल्याकडे जुनं शास्त्र आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी केला तो वाद, जिंकण्यासाठी केला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा. वितंडवाद हा शब्द तिथूनच आपल्या घरी आला आणि राहिला. घरोघरी वाद करायला सासरेबुवा बसतात, जल्प करायला जावई. वितंडेला आत्या लागते. 'मग पोळी म्हणजे काय, तुम्हीच सांगा' असं आत्याला कधीही विचारू नये. ती सांगत नाही.

अडचणीत सापडल्यास 'छल' वापरावा, म्हणजे बोलणाऱ्याचा अर्थ सोडून शब्दाचा दुसराच अर्थ पकडावा. वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण आजही चालतं. कुणी म्हणतं, हा मुलगा 'नवकंबल' आहे. म्हणजे याची घोंगडी नवी आहे. छल करणारा विचारतो, घोंगडी तर एकच दिसते, उरलेल्या आठ कुठायत? इतक्या शतकांपूर्वीचा हा विनोद तुमच्या धाकट्या दिरानं काल नव्यानं शोधून काढला असेल, तर त्याला हे सांगून त्याचा विरस करू नये.

पायरी ३ : व्युत्पत्ती टाकावी

व्युत्पत्ती हिंगासारखी वापरावी, चिमूटभर आणि शेवटी. 'दुपार' म्हणजे दोन प्रहर. प्रहर तीन तासांचा. सहाला सूर्य उगवला असं धरलं, तर दोन प्रहर बरोबर बाराला भरतात. इथं थांबून सगळ्यांकडे पाहावं. मग हळूच विचारावं, की तुम्ही 'दुपारी चार वाजता' पडवीत बसता ते कुठल्या हिशेबानं? यावर उत्तर नाही. पण ज्यांची झोप चारला संपते ते उत्तराशिवायही भांडू शकतात.

पायरी ४ : शब्दकोश लपवावा

मोल्सवर्थचा कोश १८३१ सालापासून आहे. दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. १९४६ साली कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश आला. 'मोल्सवर्थमध्ये बघा' असं ठणकावून सांगावं, पण तो घरात असू नये. चुकून कुणी आणलाच, तरी घाबरायचं कारण नाही. चांगला कोश एका शब्दाला एकच अर्थ देत नाही, आणि खालून तिसरा अर्थ आपलाच निघतो.

पायरी ५ : 'परवा' काढावा

हा शब्द प्रगत विद्यार्थ्यांसाठी आहे. मराठीनं होऊन गेलेल्या दिवसाला 'काल' म्हटलं, येणाऱ्याला 'उद्या' म्हटलं, आणि एकेक दिवस पलीकडे सरकताच दोन्हीकडे 'परवा' म्हणून हात टेकले. शिवाय 'परवाच तर लग्न झालं त्यांचं' यातला परवा सात वर्षांपूर्वीचाही असतो. कुणी शहाणा 'क्रियापदावरून कळतं की!' असं म्हणेल. आला म्हणजे मागचा, येणार म्हणजे पुढचा, हे त्याचं म्हणणं बरोबर असल्यामुळे वादाला घातक आहे. त्याला ताबडतोब चहा टाकायला पाठवावं. 'अर्धा कपच' म्हणजे किती, यावर तो आत एकटाच गुंतून राहील.

पथ्य

एक शब्द मात्र वादात घेऊ नये, तो म्हणजे 'येतो'. निघालेला माणूस 'येतो' म्हणतो, तेव्हा तो जात असतो. 'जातो' म्हणणं आपल्याला बरं वाटत नाही. पोळीवरून तीन तास भांडलेलं सगळं घर या एका उलट्या अर्थावर एकमतानं मान डोलावतं, आणि आत्यासुद्धा दारापर्यंत पोचवायला येते.

तेव्हा वाद संपवायचा असेल तर उठावं, चपला घालाव्यात, 'बराय, येतो' म्हणावं आणि मागं न बघता जिना उतरावा. तेवढ्यात घरातलं एखादं पोर 'परत कधी येणार?' असं विचारेल. तिथं चुकूनही 'परवा' म्हणू नका.

म्हणालातच, तर चपला काढा आणि आत या. चहा अजून उकळतोय.